चिकटपट्टीवर अकरा केस

कोट परत आला तो कागदी पिशवीतून, आणि त्याच्या बाहीला टाचणीने एक चिकटपट्टी अडकवलेली होती. पारदर्शक, बोटभर लांबीची. तिच्यावर अकरा पांढरे केस ओळीने बसवलेले, शाळेच्या वहीत पानं डकवावीत तसे. खाली बारीक अक्षरात तारीख.

केस कुणाचे ते मला विचारावं लागलं नाही. ते माझ्या उशीवर असतात, टॉवेलवर असतात, चष्म्याच्या बिजागरीत असतात. एकदा साबणाच्या वडीतून निघाला होता, आणि वडी नवी होती.

मागोमाग गायनवृंदाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला.

"तुमचं काम चोख आहे," त्या म्हणाल्या. बोलणं असं सुरू झालं की पुढे काय येणार ते मला आता या वयात कळतं. "अस्तर छानच बसलंय. पण काल तालमीत आमचा खर्जातला गायक ऐन शांत ओळीत शिंकला. चार वेळा. त्याला कुत्र्याच्या केसांचं वावडं आहे. घरात कुत्रा आहे का हो?"

"आहे. म्हणजे, सासऱ्यांचा आहे."

जणू सासऱ्यांचा असला की केस कमी गळतात.

"हा एकच कोट नमुन्याला दिला होता, ते बरं झालं," बाई म्हणाल्या. "राहिलेले एकवीस तुमच्याकडेच आहेत. हाही परत घ्या. पुढच्या शनिवारी बाविसाच्या बावीस न्यायला मी स्वतः येईन, चिकटपट्टी घेऊन. एक केस जरी सापडला तरी पुढचं काम मला दुसरीकडे द्यावं लागेल. राग मानू नका."

राग मानायची सोयच नव्हती. मी घरी कपडे दुरुस्त करते. शिकले कुणाकडे नाही. एकदा नवऱ्याचा जुना कोट उसवून परत शिवला, तो जमला, आणि लोक कपडे घेऊन जिना चढायला लागले. पण लोक येतात ते चेन तुटली की. गायनवृंदाचं काम म्हणजे वर्षभर मशीन चालू. असं काम माझ्या दारात पहिल्यांदाच आलं होतं, आणि दारात आल्या आल्या शिंकलं होतं.

आता या अकरा केसांच्या मालकाविषयी. ठोकळ्या हा टेरियर जातीचा, आखूड केसांचा कुत्रा. पांढरा, एका कानावर तपकिरी डाग, पाय चार असले तरी चालताना स्टूल सरकवल्यासारखा दिसणारा. बघणाऱ्याला वाटतं, याच्या अंगावर केस ते किती, नखाएवढे, हे काय गळणार. लांब केसांच्या कुत्र्याचे केस गळतात ते निदान पुंजक्याने गळतात. कोपऱ्यात गोळा होतात, उचलून टाकता येतात. याचा एकेक केस म्हणजे सुई. काळ्या लोकरीत टोकाकडून शिरतो आणि आत जाऊन आडवा होतो.

ठोकळ्या खरा सासूबाईंचा. त्या गेल्यावर सासरे, कुत्रा आणि खुर्ची असे तीन नग आमच्याकडे आले. खुर्ची म्हणजे केस कापायची. सासऱ्यांचं सेहेचाळीस वर्षं दुकान होतं. दुकान विकलं, आरसे विकले, पण लाल रेक्झिनची ती लोखंडी खुर्ची त्यांनी दिली नाही. आणि ती माझ्या शिवणाच्या खोलीखेरीज एकाही दारातून आत जाईना. तेव्हापासून माझ्या मशीनशेजारी, खिडकीच्या ऐन उजेडात, ती बसलेली आहे. तिच्यात ठोकळ्या बसलेला आहे. आणि शेजारच्या स्टुलावर सासरे, गिऱ्हाइकाची वाट बघत असल्यासारखे.

संध्याकाळी जेवताना मी ती चिकटपट्टी ताटांच्या मधोमध ठेवली.

"अकरा," मी म्हटलं. "बावीस कोट, दहा दिवस. केस तरी गळायचे थांबतील, नाहीतर हा नणंदबाईंकडे जाईल. त्यांच्या घरामागे आवार आहे."

"तिच्याकडे तीन मांजरं आहेत," सासरे म्हणाले.

"मांजरांना गायनवृंदाचं काम मिळालेलं नाही."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला. "बरं. मग माझीही पिशवी भरायला घेतो. तो जाईल तिथे मी."

सासऱ्यांचं आणि जावयाचं पाच मिनिटांच्या वर पटत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. शिवाय नणंदेकडे त्यांना झोपायला मिळणार ती मांजरांची खोली. मला ते घरातून जायला नको होते. मला फक्त केस जायला हवे होते. पण हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा उठला. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि घरात वाद सुरू झाला की त्याला हमखास कुठेतरी अडकलेली लिफ्ट आठवते.

"तू कुठे निघालास?"

"सहाव्या मजल्यावर दोघं अडकलेत."

"त्यांना म्हणावं, सुखी आहात."

दुसऱ्या दिवशी मी सासरे आणि ठोकळ्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने ठोकळ्याच्या पाठीवरून हात उलटा फिरवला आणि तळवा मला दाखवला. पांढरा.

"याला कापायचं काही नाही," ती म्हणाली. "रबरी हातमोजा मिळतो, खडबडीत. रोज सकाळी दहा मिनिटं चोळा, केसांच्या दिशेने. सुटलेले केस मोज्यात येतील. वर ओलं फडकं फिरवा. महिन्याने अंघोळ, नखं, कान. एवढंच."

सासरे ठोकळ्याला काखेत घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "केस गळतात आणि कापायचे नाहीत. मग ही डॉक्टर कशाला झाली? मोजे विकायचे ना."

मोजा मी घेतला. सलग चार दिवस सकाळी ठोकळ्याला न्हाणीघरात नेऊन चोळलं. मी चोळायला लागले की तो चारही पाय ताठ करायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, शिक्षा झालेल्या पोरासारखा. सातव्या मिनिटाला सगळं अंग झाडायचा. मोज्यात केस येत होते, नाही असं नाही, पण त्याच्या दुपटीने माझ्या भुवयांत येत होते. सासरे दारात उभं राहून बघायचे.

"गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, सूनबाई. मुकाट्याने चोळलं की त्याला वाटतं आपलं काही चुकलंय."

"त्याचं चुकलेलंच आहे."

तरी फरक पडत होता. मंगळवारी पाठीवरून हात फिरवला तर चारच केस आले. कोट मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला दांडीवर लावले होते आणि त्यांच्यावर पलंगावरची निळ्या किनारीची मोठी पांढरी चादर टाकली होती, जमिनीपर्यंत. पंधरा कोटांचं अस्तर झालं होतं. मला वाटायला लागलं, जमेल.

बुधवारी अस्तराचा दोरा संपला. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पाऊण तासात परत आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. बारीक, एकसुरी गुणगुण. आपल्याकडे मधमाश्या कशा, असं मनात आलं. दार उघडलं.

ठोकळ्या खुर्चीत होता. मानेपर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, मानेमागे माझी टाचणी लावलेली. कापड मागे सारलेलं होतं तिथून त्याची पाठ दिसत होती. ती गुलाबी होती. सासऱ्यांच्या हातात त्यांचं जुनं मशीन होतं आणि ते ठोकळ्याला त्यांच्या दुकानाशेजारच्या घड्याळजीची हकिगत सांगत होते. खिडकी उघडी. वारा आत. उजेडाच्या पट्ट्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगत होतं, फार सुंदर दिसत होतं.

"शून्य नंबर मारलाय," सासरे म्हणाले. "आता काय गळतंय बघू. मिशांचंच त्याला विचारत होतो, ठेवायच्या का."

मी ठोकळ्याच्या अंगावरच्या कापडाकडे बघितलं. मोठं होतं. कडेला निळी किनार होती. मग मी दांडीकडे बघितलं. बावीस कोट उघडे, खांद्याला खांदा लावून, काळे, आणि वरून पीठ भुरभुरल्यासारखे.

मी ओरडले नाही. मी ओरडते तेव्हा घरात कुणी घाबरत नाही. गप्प बसले की सगळे आपापल्या चपला शोधायला लागतात.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या दुकानात सेहेचाळीस वर्षांत केस कापून कुणाचं टक्कल थांबलं?"

ते विचारात पडले. खरंच विचारात पडले, हेच मला सहन होईना.

"माणसाचं नाही थांबलं," ते म्हणाले. "याचं माहीत नव्हतं."

"आणि चादर?"

"अंगावर कापड न टाकता मी कधी कुणाचे केस कापले नाहीत, सूनबाई."

मी चादरीची टाचणी काढली, खिडकी लावली, मशीनचं बटण बंद केलं. मग म्हटलं, "शनिवारी बाई येऊन गेल्या की याला नणंदबाईंकडे पोचवायचं. ठरलं."

"बरं," सासरे म्हणाले. त्यांनी मशीनचं पातं छोट्या ब्रशने झाडलं, तेल सोडलं, डबीत ठेवलं. त्यानंतर माळ्यावरून पिशवी काढल्याचा आवाज आला.

दुपारी ठोकळ्या माझ्या पायाशी येऊन थरथरत उभा राहिला. थंडीचे दिवस, अंगावर काही नाही. मी लक्ष दिलं नाही. मग त्याच्या थरथरण्याने माझ्या मशीनचं पायडल खडखडायला लागलं. शेवटी अस्तराचं उरलेलं कापड आणि काळ्या लोकरीचा एक तुकडा घेऊन त्याला कोट शिवला. पोटाखाली दोन बटणं, मानेला पट्टी. रागात होते म्हणून टाके फार बारीक आले. अंगात घातला तर बेतलेला. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कामाची झाली: कोट अंगात असला की त्याचं काही बाहेर गळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी चिकटपट्टीचं रीळ घेऊन बसले. पहिला कोट. चिकटवायचं, ओढायचं, चिकटवायचं, ओढायचं. लांब केस निदान पट्टीला येतो. हे कापलेले तुकडे, तिळाएवढे, दोन्ही टोकांनी लोकरीत रुतलेले. एका खांद्याला पाऊण तास गेला आणि उजेडात धरला तर आहे तसाच. बावीस कोटांचे चव्वेचाळीस खांदे. पाठी, बाह्या, कॉलरी वेगळ्याच. मी रीळ मांडीवर ठेवलं.

सासरे स्टुलावरून बघत होते. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते, किंवा मी त्यांच्याशी, हिशेब लागत नव्हता.

"असं नाही निघत," ते म्हणाले.

"मग कसं निघतं?" हे मी ज्या सुरात विचारलं तो सूर लिहून दाखवता येत नाही.

"हँगरवर कोट मेलेला असतो. कापड सैल पडतं, केस आत दडून बसतो. माणसावर घाल. खांदा भरला की कापड ताणतं आणि केस उभा राहतो." ते उठले. "लोक म्हणतात मी केस कापायचो. कापायला काय लागतं, कात्री असली की झालं. काळा कोट घातलेला माणूस दुपारच्या सुट्टीत यायचा. केस कापून परत कचेरीत जाऊन बसला तरी साहेबाला कळता कामा नये. ते काम. रोज दहा काळे कोट यायचे माझ्याकडे. एकाची तक्रार नाही आली."

"हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?"

"काल तू बोलत नव्हतीस."

माणूस हवा होता. नवरा जेवायला घरी आला आणि हात धुवायच्या आधी खुर्चीत बसवला गेला. सासऱ्यांनी त्याच्या अंगात पहिला कोट चढवला, पायाने कळ दाबून खुर्ची खिडकीकडे तिरकी फिरवली, आणि एक टॉवेल भिजवून असा पिळला की थेंब पडू नये. त्याचा दोर केला. दोराने खांद्यावर एक फटका, लगेच वर उचल. फटका, उचल. मग मानेवरचे केस झाडायचा तो मऊ ब्रश, आधी लोकरीच्या उलट दिशेने, मग सुलट. मी वाकून बघितलं. काळं. नुसतं काळं.

"मला लिफ्टवर जायचंय," नवरा म्हणाला. "खरंच अडकलीय."

"अडकू दे," सासरे म्हणाले. "मान सरळ."

शुक्रवारी नवऱ्याने रजा काढली. सगळेच कोट त्याला बसत नव्हते. सर्वांत मोठ्या कोटात त्याच्या पोटावर उशी बांधावी लागली. अगदी अरुंद खांद्यांचे चार होते, त्यांत मी बसले. त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. मान मागे टेकली की समोर फक्त छत दिसतं आणि माणूस उगाचच शहाण्यासारखा गप्प होतो. सासरे मागून टॉवेल मारत होते आणि घड्याळजीची अर्धी राहिलेली हकिगत पुरी करत होते. माझे सात कोटांचे अस्तराचे टाके मध्येमध्ये चालूच होते. झालेला एकेक कोट झोपायच्या खोलीत बंद कपाटात जात होता, आणि त्या खोलीत ठोकळ्याला बंदी होती. तो दाराबाहेर बसून फटीतून फुसफुसत होता, अंगात काळा कोट घालून, गाणं संपायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

शुक्रवारी रात्रीपर्यंत बावीसही कोट कपाटात गेले. पिशवी मात्र बाहेरच्या दाराशी भरून ठेवलेली होती. मी दोनदा तिला अडखळले.

शनिवारी सकाळी बाई दहाला आल्या. उंच, चष्म्याला साखळी, हातात चिकटपट्टीचं जाडजूड रीळ. खोलीत शिरल्या तर समोर लाल खुर्चीत ठोकळ्या, काळ्या कोटात, ताठ.

"हा तेविसावा का?" त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

मी कोट दांडीवर आणून लावले. त्यांनी पट्टी फाडली, पहिल्या कॉलरवर दाबली, ओढली, उजेडात धरली. काही नाही. खांदे. काखा. खिशांच्या झडपा. दुसरा कोट. तिसरा. त्या घाई करत नव्हत्या. नवरा दारात उभा होता आणि एकाही लिफ्टचं नाव काढत नव्हता. सासरे स्टुलावर, हात गुडघ्यांवर. त्यांची नजर बाईंच्या बोटांवर होती, आणि माझी, का कोण जाणे, दाराशी ठेवलेल्या पिशवीवर.

एकोणिसाव्या कोटाच्या कॉलरवरून पट्टी निघाली आणि बाई थांबल्या.

"एक," त्या म्हणाल्या. दुष्टपणाने नाही. एखादी नर्स ताप सांगते तशा.

मी बघितलं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा. चमकत होता. पांढरा.

"बघू," सासरे उठले. पट्टी त्यांनी बाईंच्या हातातून घेतली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सारला आणि नाकापर्यंत आणली. फिरवून दुसऱ्या बाजूने बघितली. मला वाटलं, आता हे काहीबाही सांगणार आणि उरलीसुरली अब्रू जाणार.

"हा कुत्र्याचा नाही," ते म्हणाले.

"पांढरा आहे," बाई म्हणाल्या.

"मुळाशी पांढरा आहे. अर्धा इंच. पुढे काळा. रंगाचा काळा, अंगचा नाही. पुढे तुटलाय. अर्धा इंच म्हणजे रंग लावून सव्वा महिना झाला." त्यांनी पट्टी बाईंपुढे धरली. "कुत्रे रंग लावत नाहीत, बाई. हा माझ्या सुनेचा."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्या भांगाकडे बघितलं. बाईंनी, नवऱ्याने. ठोकळ्यानेही मान वळवली, असं मला अजून वाटतं. मी डोक्यावर हात ठेवला नाही, एवढीच काय ती शान राखली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पट्टी बघितली, भांग बघितला, परत पट्टी बघितली.

"तुमच्या गायकाला सुनांचं वावडं नाही ना?" नवऱ्याने विचारलं.

"फक्त कुत्र्यांचं," बाई म्हणाल्या, आणि आता मात्र हसल्या. उरलेले तीन कोट त्यांनी बघितले, पण घाईने. बाविसांवर पिशव्या चढवल्या, खाली गाडीत नेऊन ठेवायला नवऱ्याला कामाला लावलं. जाताना म्हणाल्या, "सोमवारी विजारी पाठवते. बावीस. कंबरा सैल करायच्या आहेत." आणि अर्ध्या जिन्यावरून, "सव्वा महिना कळतो हो यांना? मला एकदा यायला हवं."

दार लागलं.

"बाबा," मी म्हटलं, "परक्या बाईसमोर तुम्ही माझं वय काढलंत."

"वय नाही, मुळं." ते चिकटपट्टी अजून उजेडात धरून होते. "आणि तू तो रंगाचा डबा बदल. निळसर मारतो. केव्हापासून सांगेन म्हणत होतो."

तेवढ्यात नणंदेचा फोन. निघालात का, तिने मांजरं वरच्या खोलीत कोंडलीत. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते ठोकळ्याच्या कोटाची बटणं सोडत होते की लावत होते, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"मांजरं सोडा," मी फोनमध्ये म्हटलं. "लिफ्ट अडकलीय."

"तुमच्याकडे लिफ्ट कुठे आहे?" ती म्हणाली. मी फोन ठेवला.

"पिशवी दारातून हलवा, बाबा. अडखळायला होतं."

"कुठे ठेवू?"

"जिथून काढलीत तिथे."

ते जागचे हलले नाहीत. शेवटी मीच ती खोलीत ओढत आणली आणि उघडली, म्हटलं शर्ट चुरगळले असतील, इस्त्री फिरवावी. वर ठोकळ्याचा पट्टा. त्याखाली त्याचं ताट, पाण्याचं भांडं, कुरतडलेला चेंडू, मग सासूबाईंनी विणलेली त्याची घोंगडी. आणि अगदी तळाशी, धुऊन वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो रबरी हातमोजा. सासऱ्यांचा एक रुमालसुद्धा नव्हता.

"तुमचे कपडे?"

"जागा उरली नाही," ते म्हणाले.

मी घोंगडी दोन्ही हातांनी धरली आणि जोरात झटकली, आणि झटकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी शिवणाच्या खोलीत उभी आहे. उजेडाच्या पट्ट्यात ते परत तरंगायला लागलं. मशीनवर, इस्त्रीच्या टेबलावर, रिकाम्या दांडीवर, जिथे सोमवारी बावीस काळ्या विजारी लागायच्या होत्या तिथे सावकाश उतरत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "टॉवेल भिजवा."